हाडं रकाने बदलतात

प्रश्न विचारणारी मुलगी उपनगरातल्या एका कॉलेजात बीएस्सी झूलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या अडचणी तीन. कंपॅरेटिव्ह अॅनाटॉमीचा, म्हणजे प्राण्यांच्या शरीररचनांच्या तुलनेचा पेपर म्हणजे नुसते तक्ते आहेत. मुशी (लहान शार्क), बेडूक, सरडा, कबूतर आणि उंदीर हे पाच प्राणी एका बाजूला, आठ संस्था दुसऱ्या बाजूला, म्हणजे चाळीस खाने. पाठ केले की चार दिवसांत उडून जातात. दुसरं, डिसेक्शन बंद झाल्यामुळे प्रॅक्टिकलला फक्त चार्ट आणि प्लॅस्टिकची मॉडेलं आहेत, तर न चिरता हा विषय कळतो का? आणि तिसरं, कुणीतरी तिला सांगितलंय की आता सगळं डीएनएवर चालतं, हाडं मोजणाऱ्यांचे दिवस संपले. मग एमएस्सीला हा विषय घ्यावा का?

मुली, मी हा विषय मुंबईत तीस वर्षांच्या वर शिकवला. तुला अहो-जाहो करणं मला जमणार नाही, सवयच नाही.

तक्ते उडून जातात यात तुझ्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही. तक्त्यातच खोट आहे. तक्ता अवयवांच्या कामावरून आखलेला असतो: श्वसन, पचन, ऐकणं, उत्सर्जन, प्रजनन. पण शरीराचा एखादा तुकडा कोट्यवधी वर्षं एकच काम करत बसत नाही. एका प्राण्यात तो श्वसनाच्या रकान्यात असतो, दुसऱ्यात जबड्याच्या, तिसऱ्यात कानाच्या. तक्त्यात मात्र प्रत्येक रकान्यात त्याला वेगळं नाव मिळतं, आणि तुला वाटतं ही तीन वेगळी नावं पाठ करायची आहेत. प्रत्यक्षात तो एकच तुकडा असतो, घर बदलत गेलेला. म्हणून रकाना सोड आणि तुकडा धर.

आता एक कर. दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या भोकापुढे, गालाच्या मागच्या टोकाला ठेव आणि तोंड उघड-मीट कर. काहीतरी सरकतंय ना? तो तुझा जबड्याचा सांधा. खालचा जबडा म्हणजे डेंटरी नावाचं एकच हाड, आणि ते कवटीच्या स्क्वामोसल हाडाला टेकलेलं आहे. सस्तन प्राण्यांखेरीज आज जिवंत असलेल्या कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्याचा जबडा या दोन हाडांवर फिरत नाही. पाल, मगर, कोंबडी यांचा सांधा क्वाड्रेट आणि आर्टिक्युलर या दुसऱ्याच दोन हाडांचा. मग ती दोन हाडं आपल्यात गेली कुठे? तुझं बोट आत्ता जिथे आहे तिथून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर आत. क्वाड्रेटचं इन्कस झालं आणि आर्टिक्युलरचं मॅलियस. कानातल्या तीन हाडांपैकी ही दोन. तिसरं स्टेप्स. ते मुशीमध्ये जबड्याला कवटीशी टांगून धरणारं हायोमँडिब्युला म्हणून भेटतं, बेडकात आणि पालीत कानातली बारीक काडी म्हणून.

ही कल्पनेची भरारी वाटत असेल तर तारीख बघ: कार्ल रायखर्ट या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने गर्भांचा अभ्यास करून हे १८३७ साली मांडलं. डार्विनचं पुस्तक यायला तेव्हा बावीस वर्षं होती. मानवी गर्भात मॅलियस अजूनही खालच्या जबड्याच्या कूर्चेच्या टोकाला जोडलेलाच दिसतो. पिशवीवाल्या प्राण्यांची पिल्लं जन्मतात तेव्हाही त्यांची ही हाडं जबड्यापासून सुटलेली नसतात. पुढे जीवाश्मांत मॉर्गॅन्युकोडॉनसारखे चिमुकले प्राणी सापडले. त्यांच्या जबड्याला जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी-शेजारी आहेत. जुनं दुकान चालू ठेवून नव्या गाळ्यात हलावं, तसं.

आता तुझ्या तक्त्याकडे बघ. ‘जॉ सस्पेन्शन’चा, म्हणजे जबडा कवटीला कसा टांगलाय याचा एक रकाना, ‘मिडल इअर’चा दुसरा, दोन वेगळ्या पानांवर. दोन्ही पानांवर एकच गोष्ट अर्धी-अर्धी लिहिलेली आहे. ती नीट समजली की निदान दहा खाने एकदम भरतात, आणि परत कधी उडत नाहीत.

अशा गोष्टी फार नाहीत. पाच-सहा जमल्या की पेपरचा बराच भाग हाताशी येतो. माझ्या मते सगळ्यात गोड एओर्टिक आर्चेसची आहे, आणि तीच मुलांना सगळ्यात रुक्ष वाटते. गर्भात घशाच्या दोन्ही बाजूंना रक्तवाहिन्यांच्या सहा कमानींचा आराखडा मांडला जातो. माशात त्यातल्या बऱ्याचशा कल्ल्यांतून रक्त नेतात. आपल्याला कल्ले नाहीत, पण आराखडा तोच आहे, म्हणून कमानी उभ्या राहतात आणि मग त्यातल्या काही मोडल्या जातात, काही दुसऱ्या कामाला लावल्या जातात. तिसरी मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिडचा भाग होते. चौथीपासून पक्ष्यात उजवीकडून महारोहिणीची कमान बनते, आपल्यात डावीकडून. सहावीचा वापर फुप्फुसाकडे रक्त नेण्यासाठी होतो. डाव्या सहावीचा एक तुकडा जन्मापर्यंत उघडा राहतो, कारण पोटातल्या बाळाला फुप्फुसातून रक्त फिरवण्यात अर्थ नसतो. जन्मानंतर तो मिटायला हवा. मिटला नाही तर बालहृदयतज्ज्ञाकडे जावं लागतं, आणि ‘पीडीए’ (पेटंट डक्टस आर्टेरिओसस, म्हणजे उघडी राहिलेली ती वाहिनी) हे नाव कदाचित तू कुणाच्या घरी ऐकलंही असशील. परळच्या हॉस्पिटलांत बंद केली जाणारी ती वाहिनी म्हणजे माशाच्या कल्ल्याकडे जाणारी सहावी कमान.

आता या कमानींच्या मागून जाणारी नस घे. माशात मेंदूतून निघालेल्या व्हेगस नावाच्या नसेच्या फांद्या कल्ल्यांच्या मागून सरळ खाली उतरतात. त्यात काही विचित्र नाही. पण आपल्याकडे मान लांबली, हृदय छातीत खाली सरकलं, आणि सहाव्या कमानीच्या मागून जाणारी नस तिच्यात अडकून तिच्याबरोबर खाली ओढली गेली. म्हणून डावी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह मेंदूतून निघते, स्वरयंत्राच्या जवळून खाली छातीत जाते, महारोहिणीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. दादरहून माहीमला जायला चर्चगेटला जाऊन यावं तसं. उजवी नस एवढ्या खाली जात नाही, कारण उजवीकडच्या पाचव्या-सहाव्या कमानी नाहीशा होतात आणि ती चौथीपासून बनलेल्या, हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन रोहिणीलाच अडकून वर फिरते. जिराफात हाच वळसा चार मीटरहून अधिक भरतो. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये सर्जन या नसेला जपतात, ती दुखावली तर आवाज बसतो. एखाद्या माणसात उजवी चौथी कमान बनतच नाही. मग सबक्लेव्हियन वेगळ्याच वाटेने येते, आणि नेमक्या त्या माणसात उजवी नस वळसा न घेता थेट स्वरयंत्राला जाते. ज्या खुंटीला अडकायचं तीच नाही. विषय समजलाय का हे तपासायला मी तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारायची. पाठ केलेलं मूल इथे थांबायचं आणि समजलेलं मूल हसायचं.

एक सावधानता. ‘माणसाच्या गर्भाला कल्ले असतात’ असं लिहू नकोस. नसतात. घशाच्या कमानी असतात. माशात त्यांचे कल्ले होतात, आपल्यात जबडा, कान, स्वरयंत्र वगैरे होतात. हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात काढलेली गर्भांची चित्रं नको तितकी सारखी दाखवली गेली होती. ती अजून फोटोकॉपीच्या नोट्समधून फिरतात.

उत्सर्जन आणि प्रजननाच्या बाबतीतही असंच आहे. गर्भात एकामागून एक बनणाऱ्या तीन मूत्रपिंडांपैकी मधल्या पिढीच्या मूत्रपिंडाची नळी नरात शुक्रवाहिनी होऊन बसते. बेडकाच्या नरात तीच नळी दोन्ही कामं करते. म्हणजे इथेही रकाना बदलला. हे एकदा चित्र काढून बघ, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता चिरण्याबद्दल. आम्ही ऐंशीच्या दशकात शिकलो तेव्हा बेडूक चिरायचो, मुशी चिरायचो, उंदीरही. मुशी ससून डॉकवरून यायची आणि लॅबमधले मामा ती बादलीत घालून आणायचे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०११मध्ये डिसेक्शन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४मध्ये ते जवळजवळ थांबवलंच. खरं सांगू? बेडकाबद्दल मला हळहळ नाही. मी डझनांनी बेडूक चिरले आणि त्यांतून फार थोडं शिकले, कारण आत काय दिसणार हे जर्नलमध्ये आधीच काढलेलं असायचं. आम्ही बेडकात जर्नल शोधायचो. वेगळं काही दिसलं तर ‘डिसेक्शन बिघडलं’ म्हणायचो.

मी जे शिकले ते रविवारी सकाळी ओट्याशी. तुझ्या घरी मासे-मटण होतं असं तू लिहिलंयस, तेव्हा पुढचं तुझ्यासाठी.

सुरमईचा काप ताटात घेतेस तेव्हा तो माशाचा आडवा छेद आहे हे लक्षात घे. मधोमध मणक्याचा गोल तुकडा. त्यातून वर निघणारा काटा आणि त्याच्या बुडाशी मज्जारज्जू जायची जागा. मांसाचे चार भाग दिसतील, वर दोन आणि खाली दोन. वरचे एपॅक्सियल, खालचे हायपॅक्सियल. दोन्ही बाजूंना मधल्या रेषेवर गडद मांस असतं, ते न थकता पोहत राहण्याचं. आता पोटाकडचा एक काप आणि शेपटीकडचा एक काप शेजारी ठेव. पोटाकडच्यात मणक्याखाली जागा मोकळी आहे, तिथे आतडी होती. शेपटीकडच्यात मणक्याखालीही एक हाडाची कमान मिटलेली आहे, आणि तिच्यातून रोहिणी व शीर जाते. तुझ्या पुस्तकात ‘ट्रंक व्हर्टिब्रा’ आणि ‘कॉडल व्हर्टिब्रा’ अशी जी दोन रटाळ चित्रं आहेत, ती ही.

पुढच्या रविवारी मटणाची चाप आण. हाही आडवा छेद, बकऱ्याचा. मणका, बरगडी आणि बरगडीच्या मुळाशी मांसाचा तो गोल डोळा. तो डोळा म्हणजे सुरमईच्या वरच्या दोन भागांपैकी एक. खालचा भाग कुठे गेला? पोटाच्या भिंतीचा पातळ पापुद्रा होऊन बसला. मासा अख्ख्या अंगाने डावी-उजवीकडे वाकून पुढे जातो, म्हणून त्याचं मांस सगळं कण्याभोवती. बकरा पायांनी चालतो, म्हणून मांस रानेत (मांडीत) आणि कण्याला उरला एवढासा डोळा. समुद्रातून जमिनीवर येताना काय झालं यावर मी तासभर बोलत असे. नंतर नंतर काप आणि चाप दोन ताटल्यांत घेऊन वर्गात जायला लागले. तो तास लवकर संपायचा आणि वर्गाला वासही यायचा.

मटणवाल्याच्या सुरीकडेही बघ. पुढचा पाय सोडवताना तो हाड तोडत नाही. मांसातून सुरी फिरवली की खांदा अलगद हातात येतो. मागचा पाय मात्र खुब्याच्या सांध्यातून सोडवावा लागतो. कारण बकऱ्याला कॉलरबोन नाही, पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेला आहे. तुझ्या गळ्याखाली हात लाव, तुला आहे. झाडांवर हातांनी लोंबकळणाऱ्यांच्या घराण्यात ते हाड टिकलं, धावणाऱ्यांच्या घराण्यात गेलं. कोंबडीत दोन्ही कॉलरबोन जुळून इंग्रजी व्हीसारखं हाड होतं, छातीच्या वरच्या टोकाला सापडेल. तसंच जुळलेलं हाड टायरॅनोसॉरसलाही होतं. आणि तंगडीत जाड हाडाला चिकटलेली सुईसारखी काडी दाताखाली येते ना, ती फिब्युला. कोंबडीचा गुडघा उलटा वाकतो असं सगळ्यांना वाटतं, पण तो तिचा घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला.

मासळीबाजारात गेलीस तर डोकी माग. शिंगाळ्याचं आणि ढोम्याचं डोकं स्वस्तात मिळतं. माझी नेहमीची मावशी आधी फुकट द्यायची. मी दर आठवड्याला मागते म्हटल्यावर ‘बाय, आता दहा रुपये’ म्हणाली. ढोम्याचं डोकं उकड, हलक्या हाताने सोल. मेंदूच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक पांढरा दगड मिळेल. तो ऑटोलिथ, तोल सांभाळण्याचा आणि ऐकण्याचा. त्यावरची वर्तुळं मोजून मत्स्यशास्त्रज्ञ माशाचं वय काढतात. घोळ ढोम्याच्याच कुळातला. त्याच्या बोताला लिलावात जी किंमत येते ती तुला माहीत असेलच. बोत म्हणजे हवेची पिशवी, आणि तिचं नातं आपल्या फुप्फुसाशी. आणखी एक रकाना बदलला. मुशीला ही पिशवीच नसते, ती तेलाने भरलेल्या भल्या मोठ्या यकृतावर तरंगायचं काम भागवते.

शिंगाळ्याची मजा वेगळी. त्याच्या कण्याच्या पहिल्या काही मणक्यांचे तुकडे सुटून हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत एक साखळी बनलेली असते. पिशवी थरथरली की साखळी ती थरथर कानाला पोचवते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२०मध्ये ती वर्णिली आणि काम बघून तिच्या हाडांना मॅलियस, इन्कस आणि स्टेप्स अशीच नावं दिली. काम तेच होतं, पण नातं नव्हतं. एक साखळी मणक्यांपासून आली, दुसरी जबड्यापासून. नावं नंतर बदलावी लागली. होमोलॉजी (मूळ एक) आणि अॅनालॉजी (फक्त काम एक) यांतला फरक लिहा, या प्रश्नाला सगळी मुलं वटवाघळाचा आणि फुलपाखराचा पंख लिहितात. तू हे लिही. परीक्षकाची झोप उडेल.

वर्गात शाकाहारी, जैन घरातली मुलं असतीलच. त्यांना बाजारात ओढू नकोस. त्यांच्याकडे स्वतःचं शरीर आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं निसर्ग दालन आहे, आणि प्रत्येक जुन्या कॉलेजच्या कपाटात सांगाडे आहेत. फक्त कपाटातल्या सांगाड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी ज्या एका कॉलेजात होते तिथे सशाचा एक सांगाडा होता. त्यावर मी अकरा वर्षं शिकवलं. बाराव्या वर्षी एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, चित्रात खांद्याच्या हाडाचा हा काटा मागे वळलाय, आपल्याकडे पुढे कसा?’ कुणीतरी कधीकाळी तारेने जोडताना डावं-उजवं उलटं लावलं होतं. अकरा वर्षांत मला दिसलं नाही, कारण मी सांगाड्याकडे बघून शिकवत नव्हते, नोट्सकडे बघून शिकवत होते. ती मुलगी शाकाहारीच होती.

कायद्याचं एक सांगून ठेवते. नॅशनल पार्कात फिरताना हाड, कवटी, पीस दिसलं तर फोटो काढ, उचलू नकोस. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्यप्राण्याचे अवशेष जवळ ठेवणंही महागात पडू शकतं. बाजारातही देवमुशी आणि करवतमासा यांसारखे संरक्षित मासे असतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही. साधी मुशी चालेल, पण पिल्लं विकत घेऊन धंद्याला हातभार लावू नकोस. मादी मुशीच्या पोटात पिल्लं नाळेने जोडलेली निघतात, हे तुला वाचून माहीत असलेलं बरं: स्कॉलिओडॉन, म्हणजे आपली मुशी, अंडी घालत नाही, त्याची अंडी जेमतेम मिलिमीटरभर असतात, आणि पिल्लं पोटात आईच्या रक्तावर वाढतात. ‘सस्तन प्राण्यांनाच वार असते’ हे वाक्य त्या दिवशीच मोडतं.

तक्त्याची आणखी एक वाईट सवय म्हणजे त्याची शिडी होते. डावीकडे मासा, उजवीकडे माणूस, आणि मनात नकळत बसतं की डावीकडचे अर्धवट राहिले. हृदयाचं कोष्टक बघ: माशाचे दोन कप्पे, बेडकाचे तीन, सरड्याचे साडेतीन म्हणावेत असे, पक्ष्याचे आणि आपले चार. जणू बेडकाच्या हृदयाला भिंत घालायची राहूनच गेली. पण बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. कातडीतून प्राणवायू घेऊन येणारं रक्त वरच्या उजव्या कप्प्यात, अलिंदात उतरतं, फुप्फुसातलं डाव्यात. पाण्याखाली असताना फुप्फुसं बंदच असतात. खालच्या कप्प्यात, निलयात, पक्की भिंत असती तर कातडीतून आलेलं चांगलं रक्त पुन्हा फुप्फुसाकडे हाकलावं लागलं असतं. एक कप्पा त्याच्या सोयीचा आहे. मगरीला चार कप्पे आहेत, तरी तिच्या उजव्या निलयातून एक वेगळी महारोहिणी निघते आणि दोन महारोहिण्यांमध्ये एक खिडकी आहे. बुडी मारताना ती फुप्फुसाचा रस्ता टाळून रक्त वळवू शकते. आपल्याला ते जमत नाही. बाजारातला बोंबील आपल्याइतकाच आजचा प्राणी आहे. तो आपला पूर्वज नाही, फार लांबचा चुलतभाऊ. आणि लेप मासा बघ: पिल्लू असताना दोन डोळे दोन बाजूंना, मग एक डोळा डोक्यावरून फिरून दुसऱ्या बाजूला येतो. शिडीच्या कुठल्या पायरीवर ठेवणार त्याला?

डीएनएबद्दल. जो कुणी तुला म्हणाला त्याचं अर्धं बरोबर आहे, आणि ते मी लपवणार नाही. व्हेल कुठून आले या वादात हाडवाले हरले. दात बघून आमच्या लोकांनी ठरवलं होतं की व्हेल मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहाऱ्यांच्या जवळचे. नव्वदच्या दशकात रेणूंवर काम करणारे म्हणू लागले की व्हेल पाणघोड्याचे नातेवाईक, म्हणजे गाय-बकरीच्या गोतावळ्यातले. हाडवाल्यांनी बराच काळ मान हलवली. मग २००१मध्ये पाकिस्तानातून पाय असलेल्या प्राचीन व्हेलांची घोट्याची हाडं वर्णिली गेली. त्यातल्या ॲस्ट्रॅगलस नावाच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती. अशी दुहेरी कप्पी समखुरी प्राण्यांखेरीज कुणाला नसते. वाद मिटला. ते हाड तुला बघायचं असेल तर मटणवाल्याला सांग, मागच्या पायाचा घोट्याचा सांधा न तोडता दे. पाया सूप झाल्यावर तळाशी दोन्हीकडे खाच असलेलं जे चौकोनी हाड उरेल, ते धुऊन टेबलावर ठेव. माझ्या टेबलावर कागद दाबायला तेच आहे.

२००७मध्ये याचा पुढचा धागा आपल्याकडे सापडला. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला गोळा केलेल्या दगडांतून इंडोहायस नावाचा मांजराएवढा, खुरं असलेला प्राणी पुढे आला. त्याच्या कानाच्या हाडाची भिंत व्हेलसारखी जाड आहे. पुन्हा कान! डीएनएने नातं सांगितलं. चार पायांचा प्राणी पाण्यात उतरला तेव्हा आधी काय बदललं, कान की पाय की शेपूट, हे मात्र हाडांनीच सांगितलं, कारण पाच कोटी वर्षांपूर्वीच्या हाडांत वाचण्याजोगा डीएनए उरत नाही. म्हणून एमएस्सीला यायचं तर दोन्ही शीक. फक्त हाडं घेऊन आलीस तर उपाशी राहशील. फक्त सिक्वेन्सिंग शिकलीस तर वंशवृक्षाच्या फांद्या मांडशील, पण फांदीवर कोण बसलंय ते ओळखता येणार नाही.

नोकरीच्या बाबतीत: वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेत माशांची शरीररचना जाणणाऱ्यांना काम असतं, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अॅनाटॉमी हा कण्याचा विषय आहे, बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा) संग्रह १८८३पासूनच्या संस्थेचा आहे आणि तिथे रीतसर परवानगी काढून काम करता येतं. जीवाश्मांकडे जायचं असेल तर भूशास्त्राचा दरवाजा ठोठावावा लागतो, आणि बहुधा मुंबई सोडावी लागते.

पण जीवाश्म मुंबईतही आहेत, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसतं. वरळीच्या टेकडीत, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्याच्या गाळात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले होते, सहा-साडेसहा कोटी वर्षं जुने. १८४७ साली लंडनमध्ये त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने. हा तोच ओवेन, ज्याने १८४३मध्ये होमोलॉजीची व्याख्या केली: रूप आणि काम काहीही होवो, वेगवेगळ्या प्राण्यांतला तोच अवयव. तुझ्या पेपरचा पहिला प्रश्न. पुढे तो डार्विनच्या नैसर्गिक निवडीशी भांडत राहिला, तो भाग वेगळा. त्याने त्या बेडकाला राना पुसिला म्हटलं, १९३०मध्ये नोबल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने इंडोबॅट्राकस हे नवं नाव दिलं. वरळी नाक्यावरून बसने जाशील तेव्हा आजूबाजूचे टॉवर कशावर उभे आहेत ते आठव.

या आठवड्यात एवढंच कर. पाच कोरे कागद घे. एकावर पहिल्या कमानीची हाडं, दुसऱ्यावर सहावी रक्तवाहिनी, तिसऱ्यावर हवेची पिशवी, चौथ्यावर मूत्रपिंडाची नळी, पाचव्यावर पुढचा पाय. प्रत्येक कागदावर पाचही प्राणी, पेन्सिलीने, रबर न वापरता. नावं शेवटी घाल. अडलीस तर तुकडा कुठे हरवला ते लिहून मला पाठव, फोटो चालेल. आणि ढोम्याचं डोकं उकडताना खिडकी उघडी ठेव. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू अजून त्या एका रविवारची आठवण काढतात.